कायोटीच्या शिकारीसाठी कोणते कॅलिबर घ्यावे, म्हणजे कातडे शाबूत राहील?

माळावरचा_डॉक्टर

नमस्कार. मी पश्चिम कॅन्ससमधील एका लहान गावच्या रुग्णालयात काम करतो. आमच्या शेजारी गुरे पाळणारे एक वयस्क शेतकरी आहेत. हिवाळा सरता सरता त्यांच्या गाई व्यायला लागल्या की कायोटी नवजात वासरांच्या आसपास घुटमळू लागतात, म्हणून ते दरवर्षी त्यांची शिकार करतात. या हिवाळ्यात त्यांनी मलाही आपल्या कुरणात शिकारीची परवानगी दिली आहे. ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कायोटी आपल्याकडच्या कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असतो. इकडच्या पश्चिमेकडील प्राण्याचे वजन साधारण ९ ते १६ किलो भरते, पण दाट केसांमुळे तो दिसायला त्याहून बराच मोठा भासतो.

मारलेला प्राणी तसाच टाकून द्यावा हे मला पटत नाही. कातडे नीट काढून, कमावून घरी ठेवावे अशी इच्छा आहे. दुकानदाराने .२०४ रुगर, .२२३ रेमिंग्टन, .२२-२५० रेमिंग्टन आणि .२४३ विंचेस्टर अशा चार कॅलिबरच्या (म्हणजे नळीचा व्यास आणि काडतूस यांच्या मापाच्या) रायफली दाखवल्या आणि प्रत्येकीचे तितकेच कौतुक केले, त्यामुळे माझा गोंधळ वाढला. भक्ष्याच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या शिट्टीला भुलून आलेला कायोटी बहुधा दीडशे यार्डांच्या आत असतो, क्वचित अडीचशे यार्डांवर उभा राहतो. वारा मात्र इथे जवळजवळ रोजचाच. प्राणी जागच्या जागी मरावा आणि कातड्याला मोठे भोक पडू नये, या दोन्ही गोष्टी साधणारे कॅलिबर कोणते?

उत्तरेचा_वारा

डॉक्टर, प्रश्न कॅलिबरचा वाटतो, पण कातडे फाटते की वाचते हे मुख्यतः गोळीची बांधणी आणि ती प्राण्याला लागते तेव्हाचा तिचा वेग या दोन गोष्टींवर ठरते. कॅलिबर त्यानंतर येते.

कायोटीची छाती अरुंद असते. तिच्यात शिरलेल्या गोळीचे तीन प्रकारे काही होऊ शकते. पातळ तांब्याच्या कवचाची, टोकाला प्लास्टिकची टोपी असलेली हलकी गोळी बरगड्यांमधून आत गेली आणि फुप्फुसांतच तिचे तुकडे झाले, तर प्राणी तत्काळ कोसळतो, बाहेर काहीच येत नाही आणि कातड्यावर शोधावे लागेल एवढेच भोक राहते. हीच स्थिती आपल्याला हवी आहे. दुसरा प्रकार म्हणजे गोळी आत अर्धवट फुलते आणि हाडाचे तुकडे बरोबर घेऊन पलीकडून बाहेर पडते. हरणासाठी बनवलेल्या जाड कवचाच्या गोळीने असे वारंवार होते आणि पलीकडची बाजू मुठीएवढी उघडते. तिसरा प्रकार नवख्यांना अपेक्षित नसतो: फार हलकी गोळी फार वेगाने जवळून खांद्याच्या हाडावर बसली, तर ती आत न शिरता वरच्यावरच फुटते. कातडेही जाते आणि प्राणी जखमी होऊन पळतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

आता आपल्या चार रायफलींकडे येऊ. .२०४ रुगर २००४ साली बाजारात आले आणि कातडे जपणाऱ्यांमध्ये लवकरच प्रिय झाले. त्याची ३२ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप, एक ग्रॅम म्हणजे सुमारे १५ ग्रेन) गोळी नळीतून सेकंदाला ४,२२५ फूट वेगाने निघते असे कारखान्याचे आकडे सांगतात, तर ४० ग्रेनची सुमारे ३,९०० फुटांनी निघते. .२२३ची ५५ ग्रेनची नेहमीची गोळी ३,२४० फुटांची. गंमत म्हणजे .२०४च्या ३२ ग्रेनची आणि .२२३च्या ५५ ग्रेनची नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा जवळजवळ सारखीच, १,२७० फूट-पौंडांच्या आगेमागे आहे. फरक पडतो तो गोळी ही ऊर्जा कुठे सोडते यात. ३२ ग्रेनची गोळी लगेच फुटते, म्हणून तीस-चाळीस यार्डांवर आलेल्या कायोटीच्या खांद्यावर ती वरच्यावर फुटण्याची भीती अधिक असते. त्यामुळे .२०४ घेतलेच तर ४० ग्रेनची गोळी घ्यावी. ती वाऱ्यातही हलक्या गोळीपेक्षा बरी टिकते.

तरीही आपण पहिलीच रायफल घेत आहात, म्हणून माझे मत .२२३ला आहे. काडतुसे कोणत्याही गावात मिळतात, स्वस्त असतात आणि धक्का इतका कमी बसतो की गोळी लागल्याचे दुर्बिणीतून दिसते. सरावाला मन कचरत नाही, आणि कातडे वाचवण्यात सरावाचा वाटा फार मोठा असतो. हॉर्नडीची व्ही-मॅक्स, सिएराची ब्लिट्झकिंग किंवा नॉसलरची बॅलिस्टिक टिप यांपैकी ५० ते ५५ ग्रेनची कोणतीही गोळी चालेल. दोनशे यार्डांवर नेम बसवला तर शंभर यार्डांवर गोळी सुमारे दीड इंच वर लागते, तेवढ्यासाठी काहीच बदलावे लागत नाही.

लष्करी पद्धतीची, पूर्ण कवचाची गोळी कातडे वाचवते म्हणून कुणी सुचवले तर मनावर घेऊ नये. ती बारीक भोक पाडून आरपार जाते हे खरे, पण मर्मावर बसली नाही तर प्राणी मैलभर धावून कुठेतरी मरतो, आणि गोठलेल्या सपाट जमिनीवर ती उसळून भलतीकडे जाण्याचा धोकाही जास्त असतो.

खडकाळ_टेकडी

वरच्या प्रतिसादातील बहुतेक गोष्टी मान्य आहेत, पण वाऱ्याचा मुद्दा तेथे फार घाईने उरकला आहे. ताशी दहा मैलांचा आडवा वारा .२२३च्या ५५ ग्रेनच्या गोळीला दोनशे यार्डांवर सुमारे चार इंच ढकलतो, आणि पश्चिम कॅन्ससमध्ये दहा मैलांच्या वाऱ्याला कुणी वारा म्हणत नाही. वीस मैलांचा वारा धरला तर बरगडीवर धरलेला नेम पोटात जातो. पोटात लागलेली गोळी कातड्याचाही नाश करते आणि प्राण्याचेही हाल करते. म्हणून मी .२२-२५० वापरतो. .२५० सॅव्हेज या जुन्या काडतुसाच्या पुंगळीचे (दारू भरायच्या धातूच्या नळकांड्याचे) तोंड आवळून बनवलेले हे काडतूस शिकारी मंडळी घरीच भरत असत, १९६५ साली रेमिंग्टनने ते कारखान्यात आणले. ५५ ग्रेनची गोळी ३,६८० फुटांनी सुटते. जवळच्या अंतरावर ते कातड्यावर .२२३पेक्षा कठोर आहे हे मी नाकारत नाही, पण उघड्या माळावर, जिथे कायोटी दूरवरच थबकून पाहत राहतो, तिथे त्याला तोड नाही.

.२४३ मात्र फक्त कायोटीसाठी घेऊ नये. हरणाच्या १०० ग्रेनच्या गोळीने कातड्याची काय अवस्था होते हे सांगायला नको, आणि ५८ ग्रेनची वेगवान गोळीही मोठी जखम करते. पुढे हरणाची शिकार करायची असेल आणि एकच रायफल ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

माळावरचा_डॉक्टर

दोघांचेही आभार. शेजारच्या शेतकऱ्यांकडे जुनी .१७ रेमिंग्टन आहे आणि कातड्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही असे ते ठामपणे सांगतात. त्यावर आपले मत काय? शिवाय नेम नेमका कुठे धरावा, डोक्यावर की छातीवर? मी एच-१बी व्हिसावर आहे, त्याची काही अडचण येते का?

कातडेकमावू

मी गेली बरीच वर्षे इतरांनी आणलेली कातडी कमावून देतो, त्यामुळे कोणती गोळी काय करते हे माझ्यापुढे आतल्या बाजूने येते, आणि आतली बाजू खोटे बोलत नाही.

शेजाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. १९७१ साली आलेल्या .१७ रेमिंग्टनची २५ ग्रेनची गोळी ४,००० फुटांहून अधिक वेगाने आत जाते आणि सहसा बाहेर येत नाही. अशी कातडी शिवावी लागत नाहीत. परंतु ती गोळी वाऱ्याने सहज ढळते, बारीक नळीत तांबे लवकर साचते म्हणून ती वरचेवर साफ करावी लागते, आणि काडतुसे आता सहज मिळत नाहीत. त्यांची रायफल मागून वापरावी, स्वतःसाठी मात्र .२२३ घ्यावी.

डोक्यावर नेम धरू नये. कायोटीचे डोके सतत हलत असते, लक्ष्य लहान असते, आणि जबडा फुटलेला प्राणी उपाशी मरतो. शिवाय भिंतीवर टांगायच्या कातड्यात तोंड शाबूत हवे. प्राणी आडवा उभा असेल तर खांद्याच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागात नेम धरावा, खांद्याचे हाड टाळावे. समोरून तोंड करून येत असेल तर तीच सर्वांत चांगली संधी समजावी, कारण छातीच्या मध्यावर लागलेली गोळी शरीराच्या लांबीत शिरते आणि आतच संपते. सर्वांत वाईट म्हणजे तिरका उभा असलेला प्राणी. गोळी बरगड्यांतून शिरून मागच्या कुशीतून निघते, तेथे कातडे पातळ असल्याने जुन्या धोतरासारखे फाटत जाते. माझ्याकडे येणाऱ्या फाटक्या कातड्यांपैकी बहुतेकांचे कारण कॅलिबर नसून हा कोन असतो. शिकाऱ्याने थोडे थांबून प्राण्याला वळू दिले असते तर बरे झाले असते.

गोळी लागल्यानंतरचे कामही तितकेच महत्त्वाचे आहे. केसांवरचे रक्त थंड पाण्याने लगेच धुवावे. दिवस उबदार असेल तर प्राणी तासन्‌तास गाडीच्या मागे टाकून ठेवू नये, कारण पोटाकडचे कातडे आधी कुजते आणि कमावताना तेथले केस हातात येतात. सोलताना हातमोजे घालावेत, हे डॉक्टरांना सांगायला नको. खरूज झालेले, शेपटीवर टक्कल पडलेले जनावर सोलण्याच्या भरीस पडू नये. डिसेंबर आणि जानेवारीतील केस सर्वांत दाट असतात. फेब्रुवारीपासून अंग घासून ते झिजू लागतात, आणि शेजाऱ्यांच्या गाई नेमक्या त्याच सुमारास विणार असतील तर चांगल्या कातड्यासाठी त्याआधीच बाहेर पडावे.

कातडी विकण्याचा हिशेब यात धरू नये. थंडीचे कोट बनवणाऱ्या कॅनडा गूस कंपनीने २०२१ साली फर वापरणे थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि कोटांच्या टोपीला लागणाऱ्या कायोटीच्या कातड्याची मागणी तेव्हापासून पूर्वीसारखी राहिलेली नाही. बारीक भोक शिवण्याइतका वेळ आपल्याकडे आहे, व्यापाऱ्याच्या प्रतवारीची चिंता नाही, म्हणून .२२३ आणि .२०४ यांतील लहानसा फरक आपल्याला जाणवणारही नाही.

आता व्हिसाचे. एच-१बीसारख्या स्थलांतरेतर व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास एरवी मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणून आधी परवाना, मग दुकान, असा क्रम ठेवावा. खरेदीच्या वेळी ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर सूट नोंदवावी लागते आणि परवाना दाखवावा लागतो. १ जुलै १९५७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कॅन्ससमध्ये शिकारीचे प्रशिक्षण आवश्यक आहे, तेव्हा सुरुवात तेथूनच करावी. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक घरातच राहिली, तर ते बाळगणे बेकायदा ठरू शकते, म्हणून नूतनीकरणाची तारीख विसरू नये.

उत्तरेचा_वारा

एक गोष्ट राहिली. .२२३ घेताना नळीतील आट्यांचे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचांचे) प्रमाण दुकानदाराला विचारून घ्यावे. नऊ इंचांत एक वेढा असलेली नळी ५० ते ५५ ग्रेनच्या गोळीला उत्तम, आणि पुढे वाऱ्यासाठी थोडी जड गोळी वापरावीशी वाटली तर तीही सामावून घेते. बारा इंचांत एक वेढा असेल तर ५५ ग्रेनपर्यंतच थांबावे लागेल. दोन-तीन प्रकारची काडतुसे आणून कागदावर मारून पाहावीत, जी सर्वांत जवळ जवळ बसतील तीच हंगामभर वापरावीत.