थोरलं लेकरू १८ चं झालं तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

सुरूबन (गुहागर)

येत्या श्रावणात माझी थोरली १८ वर्षांची होईल. गेले काही दिवस माझ्या डोक्यात एकच वाक्य घोळतंय. "तू मोठी ना?" धाकटा जन्मला तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. तेव्हापासून खेळणं सोडायचं असो, आमरसाची शेवटची वाटी असो, की पाहुण्यांसमोर गप्प बसायचं असो, मी तिला हेच म्हणत आले. तीन वर्षांच्या पोरीला मी मोठी करून टाकली. आता ती खरोखर मोठी होतेय, आणि हा दिवस कसा साजरा करावा ते मला सुचत नाही.

आपल्याकडे बारसं आहे, उष्टावण आहे, जावळ आहे, काही घरांत मुंज आहे. त्यानंतर एकदम लग्नच. कायदा १८७५ पासून सज्ञान व्हायचं वय १८ धरत आलाय, पण घरात त्या दिवसासाठी ना विधी, ना नैवेद्य. पहिलं मूल १८ चं होतं तेव्हा आई-बाप म्हणून आपणही १८ चे होतो, असं मला वाटतं. धाकट्याच्या वेळी आपल्याला थोडं तरी कळत असतं. थोरल्याच्या वेळी सगळंच पहिल्यांदा.

म्हणून किनारपट्टीवरच्या सगळ्यांना विचारते. त्या दिवशी तुम्ही मुलाला काय दिलंत? आणि तुमच्या हातून काय सुटलं? जमेल तसं लिहा, आपल्या बोलीत लिहिलंत तरी चालेल.

रापणकार (मालवण)

आमचो धंदो रापणीचो. होडयेन जाळा समुद्रात अर्धगोल सोडूचा, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यार आणूचे आणि सगळ्यांनी मिळान वडूचे. जो वडता तेका वाटो. माझो थोरलो झील सात वर्सांचो होतो तेवापासून दोराक हात लावता. पण पोरांका वाटो नाय, ओंजळभर मासे गावतत, तेवढेच.

गेल्या वर्सा तो अठराचो झालो त्याच आठवड्यात बांगडो बरो गावलो. वाटे घालताना आमच्या जुन्या जाणत्यान झिलाचा नाव घेतल्यान आणि येगळो वाटो घातल्यान. माझ्या वाट्यात नाय, माझ्या वाट्याच्या बाजूक. मी काय एक बोललंय नाय. झिलान तो उचलल्यान, घराक नेवन आवशीच्या हातात दिल्यान. आवशीन त्याच बांगड्यांचा तिखला केल्यान.

पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीन रापणीचे दिवस कमी झाले, म्हणान तो आयटीआयत पण शिकता. उद्या रापणीत ऱ्हवतलो की नाय, माका ठाऊक नाय. पण त्या दिवशी वाळयेर दोन वाटे बाजूबाजूक दिसले, ता माझ्या डोळ्यांसमोरना जाणा नाय.

चाकरमानी (गाव राजापूर तालुक्यात, सध्या डोंबिवली)

आमच्याकडे गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराकडून, मूर्ती डोक्यावरून आणतात. वाटेत एक वहाळ, मग शेताचे बांध, शेवटी चिऱ्याच्या पायऱ्या. आधी आजोबा आणायचे, मग वडील, नंतर २२ वर्षं मी. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच जूनमध्ये मुलगा १८ चा झाला. तो डोंबिवलीत वाढलेला. बांधावरून नुसतं चालायलाही त्याला मे महिन्यात शिकावं लागलं होतं.

डोक्यावर टॉवेलाची चुंबळ, त्यावर पाट, पाटावर देव. मी छत्री धरून मागून चालत होतो. वहाळाच्या अलीकडे त्याचा पाय सरकला. माझ्या तोंडून "अरे" निघालं, पण तोवर त्यानं स्वतःला सावरलं होतं. मागे वळून पाहिलं नाही, पाहता येणारच नव्हतं. अंगणात आईनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. आरतीनंतर काकांनी गाऱ्हाणं घातलं. त्यात पहिल्यांदाच त्याचं नाव आलं, "ह्या पोरानं आज तुला डोक्यावर घेतलान, त्येला सांभाळ म्हाराजा." सगळ्या घरानं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हटलं. माझा आवाज त्यात नव्हता, घसा दाटून आला होता.

तुम्ही विचारलंत काय सुटलं. २२ वर्षं त्या वाटेवर मी फक्त पायाखाली पाहत आलो. गेल्या वर्षी मान वर होती. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेला होता, ते मी त्या वाटेवर पहिल्यांदा पाहिलं.

अबोली (कणकवली)

आम्ही हॉल घेतला, दीडशे माणसं बोलावली, तीन मजली केक, डीजे. मुलगी सगळ्यांशी हसून बोलली. रात्री घरी आल्यावर म्हणाली, "मला तुमच्या दोघांबरोबर कुठेतरी जायचं होतं." मुलीला आधी विचारा, एवढंच सांगते.

पडवी (लांजा)

थोडं वेगळं लिहिते, पण मोठं होणं म्हटलं की आम्हा बायकांना १८ च्या आधीचा एक दिवस आठवतो. मी बारा वर्षांची असताना मला मागच्या पडवीत बसवलं. वेगळी चटई, वेगळं तांब्या-भांडं. "कावळा शिवला" म्हणाले. मला वाटलं, माझ्याकडूनच काहीतरी चुकलंय. चार दिवस धाकट्या भावाला दुरूनच पाहिलं. आजीच्या पिढीत पहिल्या न्हाणाला मखरात बसवून ओटी भरत, बायका गाणी म्हणत. ते कौतुक माझ्या वेळेपर्यंत घरातून गेलं होतं, पण चटई राहिली होती.

माझी पहिली लेक तेरा वर्षांची असताना तिला पाळी आली. मला धास्ती होती ती सासूबाईंची, आयुष्यभर त्यांनी सगळं पाळलेलं. मी तिला आत नेऊन समजावत होते तेवढ्यात त्या दारात आल्या. त्यांनी लेकीला स्वयंपाकघरात नेलं, चुलीपाशी बसवलं आणि शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, करायला घेतले. नारळाचा गुळाचा रस काढायला तिलाच सांगितलं, तिच्याच हातानं. मी बघतच राहिले. धाकट्या नातवानं विचारलं, आज सण आहे का? "होय, ताईचा," त्या म्हणाल्या, आणि त्याला समजेल अशा शब्दांत सगळं सांगितलं.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, हे कसं? त्या म्हणाल्या, "मला पडवीत रात्री भीती वाटायची गो." लग्नाला सोळा वर्षं झाली होती आमच्या. ही गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली.

लेक यंदा १८ ची झाली. काय करायचं विचारलं तर म्हणाली, "आजीच्या हातचे शिरवाळे." आजी आता नाहीत. रस तिनं काढला, शेवया मी पाडल्या.

रोठा (श्रीवर्धन)

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरूनच गेलं. माझ्या आजोबांच्या हातची सुपारी एका दुपारी आडवी झाली. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे आमच्याकडे सोनं. सुपारी लावल्यावर पाच-सहा वर्षं तरी काही मिळत नाही, आणि आमच्या वाडीत तर पन्नास वर्षांची झाडं होती. थोरला तेव्हा चौदाचा. शाळा बंदच होती. पावसाळाभर आम्ही दोघांनी खोडं कापली, ओढली, आळी केली आणि नवी रोपं लावली. त्याच्या तळहातांना घट्टे पडले. तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं की वाडी ह्याचीच.

२०२४ मध्ये तो १८ चा झाला. त्या सकाळी मी वाडीच्या हिशेबाची वही, पंपाची किल्ली आणि कोयता त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तिन्हीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाबा, मला बोटीवर जायचंय." जहाजावर खलाशी म्हणून लागण्यासाठी सहा महिन्यांचं जीपी रेटिंगचं प्रशिक्षण असतं, त्याची सगळी माहिती त्यानं काढून ठेवली होती. वर्षभर मला सांगायचं धाडस होत नव्हतं त्याला.

मी रागावलो. वाढदिवसाच्या दिवशी जेवलो नाही. ते मला आजही टोचतं, म्हणून इथे लिहितोय. तीन दिवसांनी बायको म्हणाली, "त्यानं तुमच्याकडे परवानगी मागितली. १८ झाल्यावर न मागताही जाता आलं असतं." मग मीच त्याच्याबरोबर कागदपत्रं करायला गेलो.

आता तो समुद्रावर आहे. जिथे नेटवर्क मिळेल तिथून फोन करतो आणि आधी रोपांचं विचारतो. वही अजून त्याच्याच नावाची आहे, लिहितो मी.

पहिली तुकडी (देवगड)

माझे वडील २१ चे झाल्यावर मतदार झाले. माझा जन्म १९७० चा. ६१ व्या घटनादुरुस्तीने वय १८ वर आलं, मार्च १९८९ मध्ये ते लागू झालं आणि त्याच वर्षीच्या लोकसभेला मी मत दिलं. वडील मला केंद्रापर्यंत सोडायला आले होते. ७ मे २०२४ ला मी माझ्या पहिल्या मुलीला तसंच सोडायला गेलो. आंब्याचा हंगाम जोरात होता, पेट्या भरायच्या बाकी होत्या, तरी दोन तास काम थांबवलं. ती बोटावरची शाई दाखवत बाहेर आली. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

ज्यांची मुलं सतरा पूर्ण झालीत त्यांनी मतदार यादीत नाव घालायचा सहा नंबरचा अर्ज आत्ताच भरून ठेवा. १८ पूर्ण झाली का ते पाहायला आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षातून चार तारखा धरतात. लहानपणी काढलेलं पॅन असेल तर त्यावर फोटो आणि सही नसते, १८ नंतर ते बदलून घ्यावं लागतं. अज्ञान (अल्पवयीन) म्हणून काढलेलं खातं असेल तर बँकेतही त्याला स्वतः जाऊ दे. आपण बाहेर बाकावर बसावं.

लाल डबा (रत्नागिरी)

लिहू की नको असं करत होते. माझा थोरला बौद्धिक अक्षमता असलेला आहे. मोठ्या अक्षरातल्या पाट्या वाचतो, बेरीज येत नाही, आणि एसटीवर त्याचा जीव. रत्नागिरी डेपोतून सुटणारी कुठली गाडी किती वाजता, ते त्याला विचारा.

सगळ्यांची मुलं १८ ची झाली की त्यांना हक्क मिळतात. आमच्यासारख्यांना त्या दिवशी वेगळंच कळतं. कायद्याच्या नजरेत तो सज्ञान, म्हणजे आम्ही आपोआप पालक राहत नाही. बँकेत खिडकीवरच्या माणसानं सांगितलं की आता तुमची सही चालणार नाही. मी तिथेच उभी राहून रडले. जन्मल्यापासून त्याच्या नावानं श्वास घेतेय, आणि मी त्याची कोण, हे मला लिहून आणायला सांगत होते.

अशा घरांसाठी सांगते. राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी त्यात कायदेशीर पालकत्व मिळतं. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. १८ व्या वाढदिवसाच्या आधीच चौकशी करून ठेवा, आमच्यासारखं नंतर धावू नका.

तर वाढदिवस. आम्ही तिघं आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळ्याला एसटीनं गेलो. तिकिटाचे पैसे त्याच्या खिशात दिले होते. आजवर मी मागायचे, त्या दिवशी त्यानंच म्हटलं, "तीन, गणपतीपुळे." दोनदा म्हणावं लागलं, पण म्हटलं. ह्यांनी कंडक्टरदादांना हळूच सांगितलं की आज त्याला १८ पूर्ण झाली. पुढच्या थांब्यावर माणसं चढली, कंडक्टरदादांनी त्याला जवळ बोलावलं आणि दोरीकडे बोट दाखवलं. दोनदा ओढायची हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. टण टण. गाडी निघाली.

समुद्र दिसू लागला तेव्हा सगळी गाडी डावीकडे पाहत होती. तो दोरीकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे.

किनारा (हर्णै)

माझे मियाँ कुवेतला. पहिल्या मुलीच्या अठरापैकी चार वाढदिवसांना ते घरी होते. ह्या वेळी तिनं लायसन काढलं, मला स्कूटरवर मागे बसवून संध्याकाळी बंदरावर लिलावाला नेलं, सुरमईचा भाव तिनंच केला. व्हिडिओ कॉलवर त्यांना सगळं दाखवत होती. ते काहीच बोलले नाहीत. रात्री दीडला त्यांचा फोन आला, फक्त एवढंच म्हणाले की तिला हेल्मेट घालायला सांग.

सुरूबन (गुहागर)

सगळं दोन-दोनदा वाचलं. लाल डबा, तुमचं वाचून मी भांडी तशीच ठेवून अंगणात जाऊन उभी राहिले.

काल तिचा वाढदिवस झाला. सकाळी व्याडेश्वराला जाऊन आलो, औक्षण केलं, मोदक केले. दुपारी धाकटा क्लासला गेल्यावर मी तिला जवळ बसवलं आणि म्हटलं, "तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून मी तुला मोठी म्हणत आले. तेव्हा तू लहान होतीस. माझं चुकलं." पुढचं बरंच पाठ केलं होतं, ते आठवलंच नाही.

ती खूप वेळ गप्प होती. मग आत गेली आणि खोबरेल तेलाची वाटी, फणी आणि शाळेतल्या लाल रिबिनी घेऊन आली. पाचवीत तिनं वेण्या स्वतः घालायला सुरुवात केली होती, मीच घालायला लावल्या होत्या, धाकट्याचा डबा असायचा म्हणून. माझ्यासमोर पाठ करून बसली.

बाहेर पाऊस कोसळत होता. पहिली वेणी होईपर्यंत वीज गेली. दुसरी अंधारातच घातली, ती हलली नाही.