लग्नाच्या मिस्सेला गाणाऱ्यांनी मानधन मागावं का?

वसईची_आल्टो:
वसईतल्या एका चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, एकोणीस वर्षं गातेय. रविवारच्या मिस्सेचे (चर्चमधल्या मुख्य उपासनेचे) पैसे कधी मागितले नाहीत, मागणारही नाही. मयतीला कुणी पाकीट पुढे केलं तरी मी घेत नाही. प्रश्न लग्नांचा आहे. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ लोक टाळतात, त्यामुळे नाताळ झाला की प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापर्यंत रांग लागते. यंदा जानेवारीत अकरा लग्नं गायलो. नवरीच्या पसंतीची दोन नवी गाणी चार आवाजांत बसवायची तर तीन संध्याकाळी सराव हवा. मिस्सा दुपारी चारला. आमची एक सोप्रानो (वरच्या पट्टीत गाणारी) रोजावर काम करते, तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. कीबोर्डवाल्याचे तीन हजार आधीच ठरतात, साउंडवाल्याचेही. आम्हा बारा जणांना मिळून दोन हजारांचं पाकीट, तेही कॉयरच्या फंडात जातं. फंडातून सारख्या साड्या घेतल्या, हे खरं. पण तिचा रोज कोण भरून देणार? सभेत विचारलं तर एकजण म्हणाला, "देवाची सेवा मोजायची नसते." त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं चुकतंय का?

मडगावकर:
नाही हो ताई. गोव्यात चर्चच्या मेस्ताला, म्हणजे संगीतशिक्षकाला, पगार असायचा. पॅरिशच्या शाळेत मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) नि व्हायोलिन तोच शिकवी. सिनेसंगीतात नाव कमावलेले अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याच्या अशाच एका मेस्ताचे चिरंजीव. पगार घेतला म्हणून मेस्ताची भक्ती कमी झाली, असं आमच्याकडे कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

न्यूजर्सी_टेनर:
आमच्या एपिस्कोपल चर्चमध्ये प्रत्येक आवाजाचा एक गायक पगारी आहे, बाकी आम्ही हौशी. सुरुवातीला मला हे खटकलं होतं. पण ते चौघं तयारी करून येतात, अडलेली ओळ शेजारी बसून शिकवतात. लग्नाचे दर तारीख ठरवतानाच कागदावर मिळतात, त्यामुळे कुणाला तोंडाने मागावं लागत नाही.

जुना_ऑर्गनिस्ट:
जर्मन संगीतकार बाख लायप्झिगच्या चर्चमध्ये असताना त्याच्या कमाईचा मोठा भाग लग्नं आणि अंत्यविधींच्या मानधनातून यायचा. १७३० मधल्या एका पत्रात त्याने मित्राला लिहिलं की हवा निरोगी असली की अंत्यविधी कमी होतात, आणि आदल्या वर्षी त्यात शंभरावर थालर (तेव्हाचं जर्मन नाणं) बुडाले. इतक्या मोठ्या माणसाला हे लिहिताना संकोच वाटला नाही, तर तुमच्या सोप्रानोला का वाटावा? शिवाय १९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं, २३१ वं कलम वाचा. चर्चच्या खास सेवेला वाहून घेतलेल्या प्रापंचिकांना (धर्मगुरू नसलेल्यांना) रास्त मोबदल्याचा हक्क आहे, असं त्यात आहे. हौशी कॉयरला ते सरळ लागू होईल का, यावर वाद घालता येईल, पण मोबदल्याची भाषा चर्चला परकी नाही. फक्त गरीब घरचं लग्न असेल तर दर माफ ठेवा.

वसईची_आल्टो:
गरिबांचं तर आधीच मनात होतं. आत्ताच आमच्याकडचा लग्नाचा अर्ज काढून पाहिला. फुलांचा रकाना आहे, साउंडचा आहे, कॉयरचा नाही. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर फादरना भेटते. सोप्रानोलाही बरोबर नेईन, तिचं तिने सांगितलेलं बरं.