मदत हवी आहे: गच्चीवरच्या ईएसपी३२ साठी सेल आणि डबी

ऐरोलीत गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी कळावी म्हणून ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) बसवलाय. १८६५० लिथियम-आयन सेल, पुढे एएमएस१११७ (सेलचं व्होल्टेज कमी करून बोर्डला देणारा रेग्युलेटर). सेल थोडा उतरला की वायफाय सुरू होताना बोर्ड रीसेट होतो. या रेग्युलेटरला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये साधारण १ व्होल्टचा फरक लागतो, कारण तेच असावं. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहिला, उपयोग नाही.

पत्र्याच्या डबीत सिग्नल गेला, म्हणून प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स घेतला. उन्हात तो फार तापतो, त्यामुळे सेल घरी आणूनच चार्ज करतो. गच्चीवर २३० व्होल्टची वायर न्यायला सोसायटीची परवानगी नाही.

आता लिथियम आयर्न फॉस्फेट सेल थेट ३.३ व्होल्टच्या पिनला जोडायचा विचार आहे. पण पूर्ण चार्जला तो ३.६५ व्होल्टपर्यंत जातो आणि चिपची मर्यादा ३.६. कुणी असं वर्षभर चालवलंय का? मध्ये काय लावलंत?