‘झेंडा कुठलाही चालेल’ म्हणे! विमानाच्या टेक्निशियनांनी नेमकं कुणाच्या युनियनमध्ये जायचं?

वेअरपिन

काल धानोरीकर यांनी दुसऱ्या धाग्यावर लिहिलं: “पुण्याच्या लोहगाव विमानतळावरच्या टेक्निशियनांनी उगाच वेगळी चूल मांडू नये. सरळ कामगार सेनेत यावं. झेंडा कुठलाही चालेल, मागे माणसं पाहिजेत. नाहीतरी टेक्निशियन काय आणि लोडर काय, दोघंही रॅम्पवरच उभे.” तिथंच उत्तर लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून इथं टाकतोय.

फरक सांगतो. रात्री शेवटचं विमान बेवर (विमान उभं करायच्या जागी) लागलं की लोडर बॅगा उतरवून मोकळा होतो, माझं काम तेव्हा सुरू होतं. इंजिन बंद झाल्यावर ठरावीक वेळेतच तेल बघायचं, उशीर झाला तर रीडिंगवर भरवसा नाही. मग पार्किंग ब्रेक लावायचा, चाकाशी वाकायचं आणि टॉर्च मारून एकेका ब्रेकची वेअर पिन, म्हणजे ब्रेक किती झिजला ते दाखवणारी पिन, बघायची. पिन कडेच्या बरोबरीला आलेली दिसली की ब्रेक बदली. ब्रेक बदली म्हणजे जॅक आला, चाक काढणं आलं, टॉर्क लावून आवळणं आलं, आणि पहाटेची पहिली फ्लाइट नेमकी त्याच विमानाची. पावसाळ्यात हे सगळं उघड्यावर. वरून दर पाच मिनिटांनी ड्यूटी मॅनेजर येऊन विचारणार, “अजून किती वेळ?” त्या वेळी “होणार नाही, विमान उभं राहील” असं मी म्हटलं तर माझ्यामागे कोण उभं राहणार? नगरसेवकाचा कार्यकर्ता? त्याला एमईएल, म्हणजे काय बिघडलेलं असताना विमान उडवायला चालतं त्याची यादी, हे समजावण्यातच उजाडेल.

माझं म्हणणं एवढंच. टेक्निशियनांची, फक्त टेक्निशियनांची युनियन हवी. सगळ्या स्टेशनांची, म्हणजे विमानतळांची, मिळून. पगाराचं नंतर, आधी ड्यूटीचे तास आणि एका शिफ्टला किती माणसांनी किती विमानं करायची ते लेखी पाहिजे.

धानोरीकर

“लोडर मोकळा होतो” हे वाचून करमणूक झाली. मे महिन्यात दुपारी दोनला विमानाच्या बेलीत, म्हणजे पोटात, गुडघ्यांवर बसून बॅगा ओढा एकदा, मग मोकळं म्हणजे काय ते बोलू.

आणि ज्या झेंड्याला नाक मुरडताय त्याचं ऐका. ऑक्टोबर २००८. जेट एअरवेजनं सुमारे १,९०० जणांना काढायचं ठरवलं. ती पोरंपोरी राज ठाकरेंकडे गेली. मुंबईतून विमान उडू देणार नाही, एवढा एक दम. दोन दिवसांत सगळे परत कामावर. त्या वेळी तुमच्या कुठल्या तज्ज्ञ संघटनेनं काय केलं, सांगा की.

वेअरपिन

जेटचे नरेश गोयल तेव्हा म्हणाले होते की निर्णय माझा, कुणाच्या दबावानं नाही. ते सोडून देऊ, कुणालाच पटलं नव्हतं. पण १७ एप्रिल २०१९ ला तीच कंपनी बंद पडली, लोकांचे महिनोन् महिन्यांचे पगार बुडाले, तेव्हा झेंडे कुठं होते? दम एक दिवस चालतो. रोस्टर बारा महिने असतो.

धानोरीकर

बँकांनीच पैसे दिले नाहीत तिथं झेंडा काय करणार? आणि तुमची टॉर्क रेंच काय करणार होती?

बीवन_आणि_चहा

लायसन्सवाला इंजिनिअर आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. टेक्निशियनांनी इंजिनिअरांना बाजूला ठेवून युनियन काढणं हा शुद्ध आचरटपणा आहे. विमान सोडताना सही आमची असते. उद्या काही झालं तर डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, आमचं लायसन्स धरते. “होणार नाही” हे शेवटी म्हणायचं कुणी? आम्ही.

आणि क्राफ्ट युनियनचं, म्हणजे एकाच कामाच्या लोकांच्या युनियनचं, एवढं कौतुक नको. मे २०१० विसरलात? मंगळूरच्या विमान अपघाताला आठवडाही झाला नव्हता आणि एअर इंडियात अचानक संप. इंजिनिअरांची संघटनाही त्यात होती आणि इतर कर्मचाऱ्यांची मोठी युनियनही. प्रकरण कोर्टात गेलं, व्यवस्थापनानं दोघींची मान्यता काढली, लोकांना घरी बसवलं. वेळ चुकली की छोटी काय, मोठी काय, सगळ्या सारख्याच.

वेअरपिन

सही तुमची, ग्रीस आमचं. टास्क कार्डावर “केलं” म्हणून नाव आमचं असतं, हे सोयीनं विसरता. तुमच्या संघटनेत टेक्निशियनला सभासद करून घेता का, एवढं फक्त सांगा.

बीवन_आणि_चहा

तो घटनेचा प्रश्न आहे.

वेअरपिन

मिळालं उत्तर.

आभा_रॅम्प

सगळ्या युनियनवाल्यांना माझा एकच प्रश्न. रात्री दीडला सुटल्यावर मला घरी कोण सोडणार? आमच्या कंपनीत पिकअप आहे, ड्रॉप “उपलब्धतेनुसार”. रिक्षावाला पोरवाल रोड म्हटलं की मान फिरवतो. मी ड्यूटी ऑफिसच्या खुर्चीत बसून उजाडायची वाट पाहिलेली आहे. सेफ्टी शूजही पुरुषांच्याच मापाचे येतात, दोन मोजे चढवून शिडीवर चढते. वेअरपिन दादा, तुमच्या मागण्यांत तास आहेत, माणसं आहेत, हे कुठंय?

वेअरपिन

ताई, हे स्टेशनपातळीवरचे प्रश्न आहेत. आधी मोठ्या मागण्या, मग बाकीचं बघू.

आभा_रॅम्प

म्हणजे तुमची चूल मोठी, माझी रात्र “बाकीचं”. छान. मग मी फक्त बायकांची वेगळी युनियन काढते. तुमच्याच तर्कानं.

धानोरीकर

आता कसं! 😄

कायद्याचं_बोला

भावना थोड्या बाजूला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. आस्थापनेत एकाहून जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या युनियनला, वाटाघाटी फक्त तिच्याशी. तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल तर वाटाघाटी परिषद, आणि तिच्यात दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. वेअरपिन, कंपनीत ग्राउंड स्टाफ किती आणि टेक्निशियन किती, मोजा आणि मला सांगा.

दुसरं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातली, ३० टक्के सभासद असले की युनियनला मिळणारी मान्यता विमान कंपन्यांना तेव्हाही लागू नव्हती. विमान वाहतूक केंद्राकडे येते. तेव्हा राज्याच्या कामगार खात्यावर मोर्चा न्यायची हौस असणाऱ्यांनी पत्ता बदलावा.

तिसरं. संपाला १४ दिवसांची नोटीस. आणि निम्मे किंवा त्याहून जास्त लोक ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्हवर गेले तर तोही संपच.

वेअरपिन

कॅज्युअल म्हटलंय ना? सिक म्हटलेलं नाही. जुलै २०२२ मध्ये इंडिगोचे टेक्निशियन हैदराबाद-दिल्लीत एकदम “आजारी” पडले. कोव्हिडनंतरच्या पगारांवरून. मागे मोठा झेंडा नाही, केंद्रीय संघटना नाही. पगारातल्या तफावती दूर करू, असं कंपनीला म्हणावंच लागलं.

कायद्याचं_बोला

कोर्टात “कॅज्युअल नाही, सिक” असं सांगा आणि न्यायाधीशांचा चेहरा कसा होतो ते इथं येऊन लिहा.

जुना_पिंपरीकर

पोरांनो, आजारी पडून मिळालेलं टिकत नाही, करार टिकतो. मे २०२४ चं एअर इंडिया एक्सप्रेस बघा. केबिन क्रू एकदम सुट्टीवर गेली, २५ जणांना काढलं. मग दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांपुढे बैठक झाली आणि त्यांना परत घ्यायचं ठरलं. तिथली युनियन भारतीय मजदूर संघाशी जोडलेली. दिल्लीत दार उघडणारं कुणीतरी लागतं. मी स्वतः त्या विचारांचा नाही, तरी सांगतो.

“फक्त आमची, बाहेरचं कुणी नको” याचा शेवट पुण्याला सांगायला नको. टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स. १९८९ चा संप.

धानोरीकर

काका, टेल्कोत उलट झालं होतं. तिथं बाहेरचा नेता होता म्हणून बुडालं.

जुना_पिंपरीकर

कोण बाहेरचा? संपाचा नेता राजन नायर टेल्कोतलाच माणूस. जन्म झाला होता का तुमचा? मी तेव्हा पिंपरीत दुसऱ्या कारखान्यात होतो. आम्ही वर्गणी काढून शनिवारवाड्यावर भाकरी नेत होतो, पण ते उपोषणाला बसलेले, मग त्या भाकऱ्या बाहेर उभ्या घरच्यांनी खाल्ल्या. मॅनेजमेंटनं दुसऱ्याच युनियनशी करार करून टाकला, हे खरं दुखणं. सप्टेंबरच्या शेवटी मध्यरात्रीनंतर पोलीस आले, हजारो माणसं बसमध्ये घातली. मी कडेला होतो. पळताना एक चप्पल तिथंच राहिली, नदीपल्याडपर्यंत एका पायानं आलो. घरी आल्यावर आईनं आधी चपलेचं विचारलं.

बीवन_आणि_चहा

माझे सासरे म्हणतात की त्या संपात वेळेवर तडजोड केली असती तर बरंच मिळालं असतं. नायरांचा हट्ट नडला.

जुना_पिंपरीकर

सासरे स्टाफमध्ये होते का?

बीवन_आणि_चहा

त्याचा काय संबंध?

जुना_पिंपरीकर

होते तर.

बीवन_आणि_चहा

हे पाहा, घरच्यांवर जायचं कारण नाही. तुम्ही चपलेच्या गोष्टी सांगायच्या आणि आम्ही गप्प बसायचं?

धानोरीकर

मुंबईत गिरण्याही अशाच गेल्या. डॉ. दत्ता सामंत आले, गिरण्या गेल्या.

जुना_पिंपरीकर

परत तेच अर्धवट! गिरणी कामगारांनी डॉक्टरांना हौसेनं आणलं नाही. १९४६ च्या कायद्यानं त्यांचा प्रतिनिधी म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ, दुसरा कुणी नाही. कामगारांना तो नको होता. जानेवारी १९८२ ला लाखो माणसं बाहेर पडली तरी कागदावर त्यांच्या वतीनं बोलणारा तोच राहिला. नको असलेली युनियन मानेवर बसली की काय होतं, ते लालबाग-परळला जाऊन मॉलमध्ये बघा.

वेअरपिन

काका, थांबा. तुम्ही माझीच बाजू मांडताय. उद्या ५१ टक्के ग्राउंड स्टाफवाल्या युनियनकडे गेले तर माझ्या वतीनं बोलणारी तीच. मला नको असली तरी.

जुना_पिंपरीकर

मग ते ५१ टक्के तुझ्या बाजूला आण की. “लोडर मोकळा होतो” असं लिहून येणार आहेत का ते?

ह्यूस्टनकर

माझा मेव्हणा इथं एअरलाइनमध्ये मेकॅनिक आहे. इथल्या मेकॅनिकांनी हे सगळं करून झालंय. युनायटेडवाल्यांनी २००३ मध्ये जुनी मोठी आयएएम सोडली आणि फक्त मेकॅनिकांची अ‍ॅम्फा आणली. २००८ मध्ये अ‍ॅम्फा सोडून टीमस्टर्स. ती तर ट्रकवाल्यांची म्हणून प्रसिद्ध. नॉर्थवेस्टमध्ये २० ऑगस्ट २००५ ला अ‍ॅम्फाचे सुमारे ४,४०० लोक संपावर गेले. बाकीच्या युनियन कामावर गेल्या, कंपनीनं बदली मेकॅनिक उभे केले, विमानं उडत राहिली. मेव्हण्याच्या मते चूक अ‍ॅम्फाची नव्हती, एकटं पडण्याची होती. साउथवेस्ट आणि अलास्कात अ‍ॅम्फा अजूनही आहे आणि तिथले लोक खूश आहेत, हेही सांगायला हवं.

वेअरपिन

शेवटचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचा.

कायद्याचं_बोला

वाचलं. पण अमेरिकेत विमान कंपन्यांत मतदान क्राफ्टनुसार होतं. मेकॅनिकांचा कौल मेकॅनिकांचाच मोजतात. आपल्याकडे मस्टर एक. तिकडचा दाखला इकडे तसाच लावता येत नाही. फार तर पुणे स्टेशन वेगळी आस्थापना धरायची की सगळी कंपनी एक, यावर भांडता येईल. त्यात वर्षं जातील.

आभा_रॅम्प

टेल्को, गिरण्या, अमेरिका, सगळं फिरून आलात. ड्रॉपचं कुणी बोललं नाही.

धानोरीकर

ताई, खरं सांगू का, आमच्या युनिटनं एका कंपनीत ड्रॉप सुरू करून घेतलाय. दोन दिवस गेटवर बसलो होतो. टॉर्च न मारता.

आभा_रॅम्प

आणि तुमच्या युनिटच्या कमिटीवर बायका किती?

धानोरीकर

एक आहे. म्हणजे होती, तिचं लग्न झालं.

वेअरपिन

हसून झालं असेल तर लिहितो. वीस टक्क्यांचं गणित मला कळत नाही असं नाही. लोडर लागणारच असतील तर घेऊ लोडर. आणि काका म्हणतात तसं दिल्लीत दार उघडणारं कुणी लागत असेल तर केंद्रीय संघटनेशी बोलायला माझी ना नाही. पण पक्षाच्या झेंड्याखाली नाही, आणि टेक्निकल बाबतीत टेक्निशियनांची समिती वेगळी राहील. एका शिफ्टला माणसं किती, ओव्हरटाइम किती, रात्री जॅक किती जणांनी लावायचा, हे आमची समिती ठरवेल. लेखी.

धानोरीकर

“लागणारच असतील तर घेऊ.” उपकार झाले. आमच्यातल्या कुणी तुम्हाला घ्यायला हवं ना आधी.

जुना_पिंपरीकर

अट लेखी घे, आणि सही कुणाची आहे ते बघ. जिल्हा अध्यक्षाच्या सहीला वर कुणी विचारत नाही.

बीवन_आणि_चहा

त्या टेक्निकल समितीत लायसन्सवाले असतील का?

वेअरपिन

तो घटनेचा प्रश्न आहे.

बीवन_आणि_चहा

बरोब्बर. घ्या काढून सूड.

वेअरपिन

गुरुवारी रात्री आठला विमाननगरला बसू. मित्राचा क्लासचा हॉल आहे, तीस खुर्च्या. धानोरीकर, तुम्हीही या. लोडर घेऊन या.

आभा_रॅम्प

रात्री आठला सेकंडवाले बेवर आणि नाइटवाले रिपोर्टिंगला निघालेले. येणार कोण, ड्यूटी मॅनेजर?

वेअरपिन

मग सकाळी अकराला करू.

आभा_रॅम्प

अकराला नाइटवाले झोपलेले असतात, दादा. तुम्ही स्वतः नाइटला आहात ना?