मदत हवी आहे: मागचे ब्रेक पॅड पुढच्यांच्या आधी कसे झिजले?

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. माझी हॉट हॅच (दमदार इंजिनाची छोटी हॅचबॅक) आहे, मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, म्हणून पुढचे पॅड आधी संपणार हे गृहीत धरलं होतं. परवा चाकं काढून मोजलं तर पुढे ७ मिमी शिल्लक, मागे जेमतेम ३! दोन्हीकडचे पॅड एकाच दिवशी बसवले होते.

मेकॅनिक म्हणतो, "तुमच्या चालवण्याचा दोष." आता खरं सांगायचं तर घाटात मी वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर लवकर दाबतो. अशा वेळी ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (चाक फिरू नये, गाडी घसरू नये म्हणून असलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आपण पेडलला पाय न लावताही एकेका चाकाचा ब्रेक लावतात, हे वाचलंय. पण एवढा फरक त्यानेच पडेल का?

की कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिन, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या पिना, अडकल्यात? डाव्या-उजव्या बाजूंची झीज सारखीच आहे, आतला आणि बाहेरचा पॅडही सारखाच, त्यामुळे मला तरी तसं वाटत नाही. हँडब्रेक पूर्ण सुटतो, तेही तपासलं.

दुसरी शंका सवयीची. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, म्हणजे उशिरा, जोरात ब्रेक मारणं महागात पडणार हे कळतं. पण लांब उतारावर पाय हलकासा टेकवून ठेवणं (बायकोची पद्धत, आणि यावरून आमचं रोज वाजतं) त्याहून वाईट ना? मी खालच्या गिअरवर उतरतो.

स्टॅबिलिटी कंट्रोलमुळे मागचे पॅड असे संपल्याचा कुणाला अनुभव आहे का? नवे पॅड टाकण्याआधी आणखी काय तपासू?