वाचनालयाच्या पाटीला जाड-बारीक रेषांचे अक्षर द्यावे का?

गुहागरकर
आमच्या गावच्या वाचनालयाची पाटी पावसाळा संपताच नव्याने रंगवायची आहे आणि स्मरणिकेचे मुखपृष्ठही ठरवायचे आहे. दोन्हीकडे रोझा वन या फॉन्टसारखे, जाड रेषा भरदार आणि बारीक रेषा केसाएवढी असलेले अक्षर घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांपासून सरबताच्या गाडीपर्यंत सगळीकडे एकाच जाडीची गोलसर अक्षरे दिसतात. वाचनालयाच्या नावाला त्यांच्याहून वेगळा डौल हवा. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पार्म्यात बोदोनी आणि पॅरिसमध्ये दिदो या मुद्रकांनी अशी सेरिफ, म्हणजे रेषांच्या टोकांना छोटी पट्टी असलेली, रोमन अक्षरे घडवली, त्यामागे गुळगुळीत कागद आणि सुधारलेली छपाई होती. आज ऑफसेट छपाईत तशी रेषा सहज उतरते. इंडियन टाइप फाउंड्रीचे रोझा वन मोठ्या मथळ्यांसाठीच आहे, देवनागरी आणि रोमन दोन्हींत आहे आणि मोफत मिळते.

मालवणचा रंगारी
दादा, मुखपृष्ठाला माझी हरकत नाही. पाटीला मात्र आहे. खाऱ्या वाऱ्याने रंगाचे पापुद्रे सुटू लागले की सर्वांत आधी बारीक रेषा जाते. जाड रेषा अर्धी खरवडली गेली तरी वाचता येते. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ पुसली की त्याचा ‘व’ होतो आणि ‘ष’चा ‘प’. व्हिनाइल कापून चिकटवले तरी अरुंद पट्टीला गोंदाचा आधार कमी मिळतो आणि तिचे टोक लवकर उचलले जाते. जांभ्याच्या खडबडीत चिऱ्यावर तर सरळ बारीक रेघ ओढताच येत नाही; आधी गिलावा करावा लागतो.

रत्नागिरीचे एक शिक्षक
माझा आक्षेप याहून मुळाशी आहे. तिरक्या कापाच्या बोरूने देवनागरी लिहिताना शिरोरेघ आणि काना जवळपास सारख्याच जाडीचे येतात, आणि जाड-बारीक भेद मुख्यतः तिरप्या व वळणाच्या रेषांत पडतो. बोदोनीच्या अक्षरात उभी रेषा जाड आणि आडवी बारीक असते. तोच नियम आपल्या लिपीला जसाच्या तसा लावला, तर शब्दाला बांधून ठेवणारी शिरोरेघच सर्वांत दुबळी होते. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात, म्हणून तिथे हे खपते. डौल हवाच असेल तर बोरूच्या वळणातूनच घ्यावा. आपल्या जुन्या पोथ्यांत तो भरपूर आहे.

गुहागरकर
सर, बोरूचा मुद्दा मी मनापासून मानतो, पण त्यावरून हे अक्षर देवनागरीला परकेच ठरते, हे मला पटत नाही. खिळ्यांची छपाई आली तेव्हाही हाताच्या वळणात बदल झालाच होता, आणि वाचकांनी तो स्वीकारला. शिवाय मी हे अक्षर आतल्या मजकुरासाठी मागत नाही. लहान आकारात ती केसाएवढी रेषा तुटते, हे मला ठाऊक आहे. रंगारीदादांचे म्हणणे मात्र पाटीपुरते मान्य करावेच लागेल.

रत्नागिरीचे एक शिक्षक
मग मुखपृष्ठाच्या बाबतीतही एक करा. वाचनालयाचे नाव रोझा वनमध्ये आणि बोरूच्या वळणात, असे दोन्ही पद्धतींनी मोठे छापून समोरच्या भिंतीवर लावा आणि संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळी रस्त्यापलीकडून पाहा. शिरोरेघ दिसेनाशी झाली, तर माझा विरोध कायम समजावा.