आयटीआय झालं, अप्रेंटिसशिप घेऊ की कॉन्ट्रॅक्ट?

प्रश्न: इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक, २ वर्षं पूर्ण. रांजणगावला पीसीबी (सर्किट बोर्ड) जोडणीच्या लाइनवर अप्रेंटिसशिप मिळतेय. मामा म्हणतो, कॉन्ट्रॅक्टवर लाग, पैसे जास्त. काय करू?

सोल्डरवाला: घे रे. मला महिनाभर मशीनवरची पार्टांची नुसती रिळं बदलायला लावली, जाम वैतागलो. एकदा मनगटपट्टा (अंगातली स्थिर वीज काढून टाकणारा, नाहीतर बोर्ड खराब होतो) न लावता बोर्ड उचलला, तर सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं. सोल्डर पेस्ट (पार्ट बोर्डाला जोडायचा धातूचा लगदा) फ्रिजमधून काढली की लगेच उघडायची नाही, नाहीतर ओल धरते. हे आयटीआयत कुणी सांगितलं नव्हतं.

भोसरीकर: करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलाय का बघ. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली असेल तरच शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. नुसतं ‘ट्रेनी’ लिहिलेलं पत्र काय कामाचं?

प्रश्नकर्ता: पोर्टलवर नाव दिसतंय. आता मामाला कोण समजावणार!